साम्राज्यवादाला विरोध म्हणजे नेमका कशाला विरोध?

नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान कुणालाही विचारा, बोट दाखवतील. त्याचं कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. जिल्हाधिकारी कचेरीवर जाणारे मोर्चे बऱ्याचदा इथे जमतात, आणि मोर्चा डाव्या पक्षांचा किंवा किसान सभेचा असला की बाकीच्या घोषणांमध्ये एक घोषणा येतेच: ‘साम्राज्यवाद मुर्दाबाद’. रस्त्याच्या कडेला थांबून ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटतं, इंग्रज तर केव्हाच गेले, मग आता कुणाला मुर्दाबाद? काहींना वाटतं, हा कम्युनिस्टांचा शब्द आहे, अमेरिकेला शिव्या देण्यासाठी वापरतात. दोन्ही समज पूर्ण चुकीचे नाहीत, पण दोन्ही फार तोकडे आहेत. ज्या शहराने या शब्दासाठी माणसं फासावर आणि अंदमानात पाठवली, तिथे तरी त्याचा अर्थ नीट माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

साधी व्याख्या अशी करता येईल. एका देशातल्या सत्ताधाऱ्यांनी दुसऱ्या लोकांची जमीन, श्रम, बाजार आणि कारभार स्वतःच्या फायद्यासाठी ताब्यात ठेवणं, आणि त्या लोकांना नकार द्यायला जागाच न ठेवणं, म्हणजे साम्राज्यवाद. हा ताबा सैन्य ठेवून असू शकतो, कर्ज देऊन असू शकतो, व्यापाराचे नियम लादून असू शकतो. वसाहतवाद हा त्याचाच एक प्रकार: तिथे सत्ता प्रत्यक्ष येऊन बसते, आपले अधिकारी नेमते, आपले कायदे करते. वसाहत नसतानाही साम्राज्यवाद असू शकतो, आणि शब्दाचा सगळा गोंधळ इथेच सुरू होतो. म्हणून कुठलंही प्रकरण समोर आलं की मी तीन गोष्टी तपासतो: निर्णय कोण घेतं, मिळकत कुठे जाते, आणि ज्याच्यावर निर्णय लादला जातो त्याला नकार देता येतो का.

रुपयाचा दर

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि नाशिक कंपनी सरकारकडे गेलं. त्यानंतरची सव्वाशे वर्षं सांगताना आपण लढाया, फाशी, सत्याग्रह सांगतो. पण साम्राज्य रोजच्या रोज चालायचं ते हिशेबाच्या वह्यांमधून. त्याचं फार चांगलं उदाहरण नाशिकरोडला आहे.

नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाला. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनमध्ये छापून यायची. १९२८ पासून नोटाही इथेच छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे रुपया नाशिकचा झाला. पण त्या रुपयाची किंमत किती, हे कुठे ठरत होतं? १९२६ मध्ये सरकारने चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने शिफारस केली की एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे १८ पेन्स धरावा. भारतातले व्यापारी आणि गिरणीमालक म्हणत होते की दर जुनाच, १६ पेन्स ठेवा. आयोगाचेच एक सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी वेगळं मत लिहून नोंदवलं. तरीही १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सचा दर लागू झाला.

दोन पेन्सांनी काय बिघडतं? हिशेब करून पाहू. एका पौंडाचे २४० पेन्स. रुपया १६ पेन्सचा असेल तर एका पौंडाचे १५ रुपये मिळतात. रुपया १८ पेन्सचा केला की त्याच पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै. खानदेशातला किंवा मालेगावकडचा कापूस परदेशात पौंडाच्या भावाने विकला जात होता. भाव तोच राहिला तरी शेतकऱ्यापर्यंत येणारे रुपये नवव्या हिश्शाने घटले. उलट इंग्लंडमधल्या लँकेशायरचं कापड इथे तेवढंच स्वस्त झालं, आणि मुंबईच्या गिरण्यांना, येवल्या-मालेगावच्या मागांना तेवढीच जास्त स्पर्धा. इथला इंग्रज अधिकारी पगार घरी पाठवायचा, त्याला त्याच रुपयांत जास्त पौंड मिळाले. लंडनला दरवर्षी भरायच्या रकमेसाठीही सरकारला कमी रुपये लागू लागले, त्यामुळे अंदाजपत्रक जुळवणं सोपं झालं.

या निर्णयात कुणाचा जीव गेला नाही. लाठीमारही नव्हता. तो घेणारे लोक कदाचित प्रामाणिकपणे समजत असतील की स्थिर चलनासाठी हेच योग्य. पण निर्णय लंडनच्या सोयीचा झाला, भार कापूस पिकवणाऱ्यावर पडला, आणि त्या शेतकऱ्याजवळ ते सरकार बदलण्याचा कुठलाही मार्ग नव्हता. तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच दिशेला जातात.

वर ज्या वार्षिक रकमेचा उल्लेख आला तिला त्या काळच्या इंग्रजी कारभारात ‘होम चार्जेस’ म्हणत. त्यात काय काय होतं? निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं. सरकारी कर्जावरचं व्याज. रेल्वे कंपन्यांना कबूल केलेला नफा: आपल्या थळ घाटातून वर चढलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेसारख्या कंपन्यांच्या भागधारकांना सरकारने पाच टक्क्यांची हमी दिली होती, गाडी तोट्यात चालली तरी फरक हिंदी तिजोरीतून भरला जायचा. १८५७ चा उठाव मोडून काढायला आलेला खर्चही हिंदुस्थानच्या कर्जखात्यावर टाकला गेला. लंडनमधल्या भारतमंत्र्याचा पगारसुद्धा १९१९ पर्यंत आपल्याच महसुलातून जात होता. एखाद्याने तुमच्या शेतावर स्वतःहून कारभारी म्हणून बसावं, पगार तुमच्या पिकातून घ्यावा, पिकाला राखण बसवावी ती तुमच्याच पासून, आणि राखणदाराचा पगारही तुमच्याकडून वसूल करावा, असा तो कारभार होता.

ही गळती पहिल्यांदा कुणी ओळखली, असं विचारलं की दादाभाई नौरोजींचं नाव येतं आणि ते योग्यच आहे. त्यांनी आयुष्यभर आकडे गोळा करून १९०१ मध्ये तो सगळा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. पण त्याच्या साठ वर्षं आधी, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकर नावाच्या मराठी तरुणाने मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात ‘एक हिंदू’ या टोपणनावाने पत्रं लिहिली. इंग्रजांच्या राज्यामुळे देशाची संपत्ती बाहेर जाते आहे, हे त्याने तेव्हाच रोखठोक लिहून ठेवलं. लोकहितवादींच्या शतपत्रांच्याही आधीची ही पत्रं आहेत. काँग्रेसची स्थापना तर चव्वेचाळीस वर्षं दूर होती. साम्राज्यवादविरोध ही युरोपातून आयात झालेली कल्पना आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना तर्खडकर दाखवावेत.

शब्द मात्र बाहेरून आला

कल्पना इथे होती, पण ‘साम्राज्यवादविरोधी’ असं नाव घेऊन संघटना उभी राहिली ती अमेरिकेत. १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनशी युद्ध केलं आणि स्पेनच्या ताब्यातलं फिलिपाइन्स स्वतःकडे घ्यायची तयारी चालवली. त्याला विरोध करण्यासाठी त्याच वर्षी बोस्टनमध्ये साम्राज्यवादविरोधी संघ स्थापन झाला. मार्क ट्वेन त्याचे उपाध्यक्ष होते, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी त्यात होते. या संघात काही लोक माणुसकीच्या भूमिकेतून आले होते, तर काहींचा विरोध वेगळ्याच कारणासाठी होता: इतक्या काळ्या-सावळ्या लोकांना अमेरिकेत घेतलं तर आपला देश बिघडेल, अशी त्यांची भीती होती. एकाच झेंड्याखाली दोन्ही प्रकारची माणसं. म्हणून कुणी साम्राज्यवादविरोधी आहे एवढ्यावर त्याच्याबद्दल मत बनवू नये. तो कशासाठी विरोध करतोय, ते विचारावं.

पुढे दोन नावं महत्त्वाची. इंग्रज पत्रकार आणि अर्थतज्ज्ञ हॉब्सन बोअर युद्धाच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत जाऊन आला आणि १९०२ मध्ये त्याने मांडलं की साम्राज्याचा फायदा साऱ्या ब्रिटनला होत नाही. घरच्या कामगारांना पगार कमी, त्यामुळे घरी माल खपत नाही, भांडवल पडून राहतं. मग मूठभर गुंतवणूकदार ते बाहेर नेतात आणि त्याच्या रक्षणासाठी सैन्य मागवतात. खर्च सगळ्यांचा, नफा थोड्यांचा. रशियन क्रांतिकारक लेनिनने १९१६ मध्ये झुरिकमध्ये बसून हे आणखी पुढे नेलं: मोठ्या बँका आणि मोठे उद्योग एकत्र येऊन मक्तेदारी तयार होते, भांडवल निर्यात होतं, आणि जग वाटून घेण्यासाठी युद्धं होतात. त्यामुळे त्याच्या मते साम्राज्यवाद हा काही दुष्ट राजांचा दोष नव्हता, तो भांडवलशाहीचाच एक टप्पा होता. झारच्या सेन्सॉरला चुकवण्यासाठी त्याने रशियाऐवजी जपानचं आणि फिनलंड-पोलंडऐवजी कोरियाचं उदाहरण दिलं, आणि नंतर प्रस्तावनेत ते सांगूनही टाकलं. म्हणजे स्वतःच्या देशाचं साम्राज्यही त्याने त्या यादीत धरलं होतं. पुढे त्याच्याच नावाने चाललेल्या राज्याला हे लक्षात ठेवता आलं नाही.

घोषणा आपल्याकडे पोचली ती क्रांतिकारकांच्या तोंडून. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकल्यावर भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी पळून न जाता दोन घोषणा दिल्या: इन्किलाब झिंदाबाद, आणि साम्राज्यवादाचा नाश असो. गोल्फ क्लबवर आज जी घोषणा ऐकू येते तिचं मूळ तिथे आहे.

तीळभांडेश्वर गल्ली आणि काळाराम मंदिर

नाशिकमध्ये या शब्दाला दोन इतिहास आहेत आणि दोघांमध्ये चालत जेमतेम काही मिनिटांचं अंतर आहे. मध्ये फक्त गोदावरी.

पहिला तीळभांडेश्वर गल्लीतला. १९०० साली सावरकर बंधूंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मित्रमेळा सुरू केला, १९०४ मध्ये त्यातून अभिनव भारत ही क्रांतिकारी संघटना झाली. कवी गोविंद याच मेळ्यातले. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुरावा म्हणून मुख्यतः कविता होत्या, त्यांनी प्रसिद्ध केलेल्या. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग चालू असताना, विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, भारतीय इतिहासाचा अभ्यासक होता, मराठी लोकांत मिसळायचा. त्याचा निरोपसमारंभ म्हणूनच तो नाटकाचा प्रयोग ठेवला होता. माणूस म्हणून तो कसा होता यावर नाशिकमध्ये आजही वाद झडतात. मला त्या वादापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कलेक्टर चांगला असो की वाईट, तो नेमलेला होता. त्याला आणणं किंवा घालवणं इथल्या माणसाच्या हातात नव्हतं. कविता छापल्याबद्दल माणसाला जन्मभर समुद्रापार पाठवता येतं, ही ताकद त्या खुर्चीत होती. साम्राज्यवादविरोधाचं म्हणणं या खुर्चीबद्दल असतं. माणूस मारून खुर्ची हलते का, हा वेगळा प्रश्न, आणि त्यावर भगतसिंगांच्या पिढीपर्यंत क्रांतिकारकांमध्येच पुष्कळ विचार झाला.

दुसरा इतिहास पंचवटीतला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही काळाराम मंदिराकडे निघाले. मंदिराचे दरवाजे बंद होते आणि बाहेर इंग्रज सरकारचे पोलीस उभे होते. दहा दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. सारा देश मिठाकडे पाहत असताना नाशिकमध्ये ही माणसं देवळाच्या दारात बसून होती. हा सत्याग्रह काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली.

हे साम्राज्यवादविरोधात कसं बसतं? काही लोक म्हणतील, बसतच नाही. तो तर घरातला प्रश्न. मला वाटतं, या शब्दाची खरी कसोटी इथेच लागते. १९३० च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत गेले आणि तिथे, साम्राज्याच्या राजधानीत उभं राहून, त्यांनी विचारलं: तुम्ही येण्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आता येतं का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? इतक्या वर्षांच्या राज्यात आमच्या जखमा तशाच उघड्या आहेत, तेव्हा अशा राज्याचा आम्हाला काय उपयोग? लोकांनी लोकांसाठी चालवलेलं सरकार हवं, अशी मागणी त्यांनी तिथे केली. ज्यांच्यावर इंग्रजधार्जिणेपणाचा आरोप सर्रास केला जायचा, त्यांनी केलेली ही साम्राज्याची झडती आहे. साम्राज्याला शांतता हवी असते, महसूल हवा असतो. गावातली उतरंड मोडायला जाऊन ती शांतता घालवण्यात त्याला रस नसतो. म्हणून पोलीस बंद दाराच्या बाहेर उभे होते.

पण त्याच बाबासाहेबांनी १९३६ मध्ये काँग्रेसवाल्यांनाही विचारलं: एक देश दुसऱ्या देशावर राज्य करायला लायक नाही असं तुम्ही म्हणता, तर मग एक वर्ग दुसऱ्या वर्गावर राज्य करायला लायक नाही हेही मान्य करावं लागेल. साम्राज्यवादविरोध आणि राष्ट्रवाद यांच्यातला फरक इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलेला मला माहीत नाही. राष्ट्रवादी म्हणतो, राज्य आमचं हवं. साम्राज्यवादविरोधी माणसाला त्यापुढे जाऊन ‘आमचं’ म्हणजे कुणाचं, हेही सांगावं लागतं.

तुरुंगातली चर्चा

हाच प्रश्न १९३२-३३ मध्ये नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहात रात्रंदिवस चर्चिला जात होता. सविनय कायदेभंगात पकडलेले जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे अशी मंडळी तिथे होती. (साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली तीही याच तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत.) इंग्रज गेल्यावर जमीनदार, सावकार आणि गिरणीमालक तसेच राहणार असतील तर शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या आयुष्यात काय बदलणार, हा त्यांचा मुद्दा होता. या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली आणि १९३४ मध्ये पाटण्याला पक्ष सुरू झाला. १९४८ च्या मार्चमध्ये समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडायचा निर्णय घेतला तेव्हा त्यांचं अधिवेशन पुन्हा नाशिकलाच भरलं होतं.

या मंडळींनी एक गोष्ट लवकर ओळखली. साम्राज्यवादाला विरोध करणारा स्वतः हुकूमशाहीची पाठराखण करू शकतो. रशियात स्टालिन काय करतोय याच्या बातम्या येऊ लागल्या तसे मसानी त्या बाजूपासून दूर गेले, आणि पुढे जयप्रकाशही. सगळ्यांना हे जमलं नाही.

आपलं साम्राज्य, त्यांचं साम्राज्य

१९५५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद झाली. नेहरू, इंडोनेशियाचे सुकार्नो, इजिप्तचे नासर, चीनचे चाऊ एन-लाय, सगळे होते. वसाहतवादाचा निषेध सगळ्यांनाच मान्य. तेवढ्यात सिलोनचे (आताच्या श्रीलंकेचे) पंतप्रधान जॉन कोटेलावाला उठले आणि म्हणाले, पूर्व युरोपातल्या देशांवर रशियाने बसवलेलं राज्य हाही वसाहतवादच आहे, त्याबद्दल बोलायचं की नाही? सभा अस्वस्थ झाली. नेहरूंना ते आवडलं नाही.

पुढच्याच वर्षी परीक्षा झाली. १९५६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला, कारण नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. त्याच दिवसांत रशियाचे रणगाडे हंगेरीत घुसले. भारताने सुएझबद्दल लगेच आणि कडक भाषेत निषेध केला. हंगेरीबद्दल मात्र आपण चाचरलो. संयुक्त राष्ट्रांत तिथे निवडणुका घ्याव्यात असा ठराव आला तेव्हा त्याच्या विरोधात मतदान केलं. जयप्रकाशांनी त्याबद्दल उघड टीका केली. मला जयप्रकाशांची बाजू बरोबर वाटते. हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमधल्या माणसाला निर्णय घेता येत होता का? नकार देता येत होता का? मग रणगाड्यावर कुठला तारा रंगवलाय याने काय फरक पडतो?

ही चूक आजही होते. अमेरिकेने १९५३ मध्ये इराणमध्ये पंतप्रधान मोसादेकचं निवडून आलेलं सरकार उलथवलं, तेलासाठी. व्हिएतनाममध्ये वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले. हे साम्राज्यवादच. पण म्हणून अमेरिकेचा जो शत्रू तो आपोआप साम्राज्यवादविरोधी ठरत नाही. चीनने ताब्यात घेतलेल्या तिबेटबद्दल गप्प राहणं किंवा २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला तेव्हा ‘पण नाटोचं काय’ एवढंच म्हणून थांबणं, हे या शब्दाशी बेइमानी करणं आहे. उलट, इराक युद्धाच्या वेळी गप्प बसलेल्या माणसाने युक्रेनसाठी तो शब्द वापरला तर त्यालाही तोच हिशेब द्यावा लागेल. झिम्बाब्वेचे मुगाबे तर एकेकाळी खरोखरच गोऱ्या राजवटीविरुद्ध लढले. पुढे स्वतःच्या लोकांवर अत्याचार करतानाही ते साम्राज्यवादविरोधाचीच भाषा बोलत राहिले.

कांदा, द्राक्ष आणि जंगल

आता आपल्या जिल्ह्यात येऊ, कारण इथे हा शब्द फार सैलपणे वापरला जातो.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावला भाव कोसळले. त्यानंतर अनेक सभांमध्ये ‘हा दिल्लीचा साम्राज्यवाद आहे’ असं ऐकू आलं. या भाषेमागे विचार आहे. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनापासून शरद जोशींनी मांडलं होतं की इंग्रजांची गाव लुटून शहर पोसण्याची पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. ‘गोरा इंग्रज गेला, काळा इंग्रज आला’ ही शेतकरी संघटनेची घोषणा निफाड-चांदवडच्या जुन्या कार्यकर्त्यांना आजही पाठ आहे. मिळकत कुठे जाते, या प्रश्नावर त्यांचं म्हणणं भक्कम आहे. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून शेतकऱ्याने तोटा सोसायचा, हा अन्यायच. तरी तिसऱ्या प्रश्नावर उत्तर वेगळं येतं. १८१८ मध्ये नाशिककर कंपनी सरकारला मतपेटीतून घालवू शकत नव्हते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी आणि नाशिक दोन्ही ठिकाणी सत्ताधारी आघाडीचे उमेदवार पडले, आणि त्यात कांद्याचा वाटा होता हे कुणीही मान्य करेल. अन्यायाला अन्याय म्हणावं. प्रत्येक अन्यायाला साम्राज्यवाद म्हटलं की खऱ्या साम्राज्यवादासाठी शब्द उरत नाही.

द्राक्षाचं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं नाकारली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. बागायतदारांचं अतोनात नुकसान झालं. हा नियम ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी त्याला साम्राज्यवाद म्हणणार नाही, कारण खाणाऱ्याला आपल्या ताटात काय येतं हे ठरवायचा हक्क आहे. पण युरोपात जी कीटकनाशकं वापरायला बंदी आहे, तीच युरोपातल्या कारखान्यांत तयार होऊन गरीब देशांना विकली जातात, तेव्हा मात्र मी तो शब्द वापरेन. आमच्या लेकरांसाठी जे विष, ते तुमच्या मजुराला चालेल, हे साम्राज्याचं जुनंच तर्कशास्त्र आहे. आणि परवाना घेऊन, रॉयल्टी भरून लावलेले परदेशी द्राक्षवाण? तो करार आहे, परवडला नाही तर आपण थॉमसनसारखा जुना वाण लावू शकतो. जोपर्यंत हा पर्याय शाबूत आहे, तोपर्यंत. बियाणं राखून ठेवण्याचा हक्क आपल्या २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे, तो कुठल्याही व्यापार करारात सोडून देऊ नये, असा आग्रह धरणं हा आजचा खराखुरा साम्राज्यवादविरोध आहे.

या जिल्ह्यात साम्राज्य सगळ्यात जास्त कुठे उरलंय, असं विचाराल तर मी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे बोट दाखवीन. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं आखली. पिढ्यानपिढ्या तिथे नाचणी-वरई पिकवणारा कोकणा, वारली, महादेव कोळी एका रात्रीत अतिक्रमणदार झाला. लाकूड रेल्वेच्या स्लीपरांसाठी हवं होतं. देश स्वतंत्र झाला, पण १९२७ चा भारतीय वन कायदा आजही चालू आहे. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला आणि त्यात स्पष्ट म्हटलं की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. त्यानंतरही दावे कचेऱ्यांमध्ये पडून राहिले. म्हणून ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकरी पायी मुंबईला निघाले. त्यात मोठ्या संख्येने आदिवासी होते, अनेकांच्या पायांत चपला नव्हत्या. १२ मार्चला ते आझाद मैदानावर पोचले आणि सरकारने वनहक्काच्या दाव्यांबद्दल लेखी आश्वासन दिलं. पुढच्या वर्षी त्याच मागण्यांसाठी त्यांना पुन्हा निघावं लागलं.

त्या मोर्चात साम्राज्यवाद मुर्दाबादची घोषणा देणाऱ्या सुरगाण्याच्या बाईच्या मनात लेनिन असेल किंवा नसेल. तिच्या नावावर नसलेली तिची जमीन मात्र होती, आणि ती तिच्या नावावर का नाही याचं उत्तर १८७८ च्या कायद्यात आहे. वनहक्काच्या दाव्याला तिने जोडायचे पुरावे म्हणजे जुनी दंडाची पावती, वनखात्याची नोटीस, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब. ज्या खात्याने तिच्या आजोबांना जमिनीवरून हाकललं, त्याच खात्याने तेव्हा फाडलेली पावती आज तिचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरते. तुमच्या घरी किंवा ओळखीत अशी कागदपत्रं असतील तर ती जपून ठेवा, ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे त्याच्या प्रती द्या, आणि ग्रामसभेत दावा फेटाळला गेला तर उपविभागीय समितीकडे साठ दिवसांच्या आत अपील करता येतं हे शेजाऱ्यालाही सांगा.